गाडीखालचा काळा डाग

पहिला वळीव पडून गेला की नारायणगावच्या किंवा मंचरच्या बसस्थानकापुढच्या डबक्यांत रंगीत कडी तरंगू लागतात. जांभळे, हिरवे, पिवळे असे त्यांचे पट्टे तुम्ही पाहिले असतीलच, आणि प्रकाशाच्या व्यतिकरणाचा धडा झाला असेल तर त्यांचे कारणही तुम्हाला सांगता येईल. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या पापुद्र्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग मावळतात, काही उजळतात. पण या डबक्याला आणखी एक प्रश्न विचारता येतो. हे तेल किती, आणि ते आले कुठून?

'किती' याचा हिशेब सोपा आहे. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ घनसेंटिमीटर. रंग दिसावेत इतपत पातळ पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजारांश भागाच्या तिप्पट, म्हणजे ०.०००३ मिलिमीटर धरू. भागाकार करून पाहा. एका थेंबाने सुमारे १,६५० चौरस सेंटिमीटर पाणी रंगते. चाळीस सेंटिमीटर बाजूचा चौरसच म्हणा ना. तेव्हा डबक्यातले इंद्रधनुष्य पाहून फार घाबरायला नको. मात्र मिनिटाला एक थेंब याप्रमाणे सतत गळणाऱ्या गाडीतून दिवसाला १,४४० थेंब, म्हणजे ७२ घनसेंटिमीटर तेल जाते. महिन्याला दोन लिटरच्या वर! मध्यम आकाराच्या डिझेल गाडीच्या एंजिनात तेल मावते पाच-सहा लिटर. ते दोन लिटर अंगणातल्या मातीत, तिथून पावसाबरोबर ओढ्यात आणि विहिरीच्या झऱ्यांकडे जायचे. आणि गाडीत टर्बो असेल तर तिची काळजी विहिरीहूनही आधी करावी लागते.

'कुठून' हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. या लेखात तोच पाहू.

डाग वाचावा कसा?

घरच्या घरी करण्याजोगी पहिली तपासणी अगदी फुकटची आहे. रात्री गाडी सपाट जागी उभी करा. खाली वर्तमानपत्राचे मोठे कागद पसरा, चारही चाकांच्या जागा त्यांवर पेन्सिलीने खुणा करून ठेवा. सकाळी कागदावर गाडीचा नकाशाच तयार होतो. काळा आणि बुळबुळीत डाग एंजिनच्या तेलाचा. डिझेल एंजिनात काजळीमुळे नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे पडते, म्हणून काळे तेल म्हणजे खराब तेल असे समजू नये. दाट, तपकिरी आणि गंधकासारखा उग्र वास येणारे तेल गिअरबॉक्सचे किंवा मागच्या कळशीचे. हिरवट अथवा गुलाबी, पाण्यासारखा पातळ द्रव रेडिएटरचा. तो विषारी असतो आणि गोडसर लागतो म्हणून कुत्री-मांजरे चाटतात, तेव्हा लगेच पुसून घ्यावा. चाकाच्या आतल्या अंगाला पातळ, पिवळसर ओल दिसली तर ते ब्रेकचे तेल, आणि मग दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली नुसते स्वच्छ पाणीही सापडते. त्याला गळती म्हणत नाहीत, पण त्यासाठी गाडी गॅरेजला नेणारे लोक मी पाहिले आहेत.

समजा, डाग एंजिनच्या तेलाचा निघाला. आता खाली वाकून डागाच्या थेट वर पाहावे, तर तिथे बहुधा दोषी सापडत नाही. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. एंजिनच्या माथ्यावर, पुढच्या कोपऱ्यात झिरपलेले तेल एंजिनच्या मागच्या टोकाला, खालून टपकते. म्हणून एंजिन थंड असताना रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि मग साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पावडर फुंकरीने उडवावी. नंतर दहा मिनिटे एंजिन चालवून ते बंद करावे आणि विजेरी व हातआरसा घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाचा ओघळ काळ्या रेघेसारखा उठून दिसतो. त्या रेघेचे सर्वांत वरचे टोक गाठायचे. हे काम मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच करा. चालत्या एंजिनजवळ ओढणी, मफलर, सैल बाही नको. आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. वाकून, बाजूने जेवढे दिसेल तेवढेच पाहावे.

एंजिनाच्या पाठीवरचे चक्र

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पुणे-नाशिक रस्त्यावर आहेत. १९९८ साली आलेली टाटा सफारी पुण्याला बनत असे आणि २००२ साली आलेली महिंद्रा स्कॉर्पिओ नाशिकला. दोन्ही टर्बो डिझेल. अशा अनेक बनावटींच्या पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या आपल्या भागात अजून धावताना दिसतात. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेऊन लोक त्या वापरतात. शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाड, टोमॅटोची क्रेट, सगळे त्यांतूनच जाते.

टर्बो म्हणजे काय? एंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू तापलेला आणि वेगवान असतो. त्याची ऊर्जा एरवी सायलेन्सरमधून वाया जाते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने ही ऊर्जा परत वापरण्याच्या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. जळक्या वायूने एक छोटे पंख्यासारखे चक्र फिरवायचे; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे; ते बाहेरची हवा दाबून एंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येते आणि तेवढ्याच एंजिनातून अधिक शक्ती मिळते. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये विमानाचे एक एंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेले आणि विरळ हवेतही टर्बोमुळे एंजिनाची शक्ती टिकते हे दाखवून दिले. आपले जुन्नर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी भरतो, तेव्हा माळशेजचा घाट चढून येणाऱ्या गाडीलाही टर्बोचा थोडा उपयोग होतोच.

आता या चक्राची गती पाहा. मोटारगाडीतला टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. १,२०,००० धरल्या तर सेकंदाला २,००० झाल्या. चक्राचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ३१४ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळपास! अशा दांड्याला साधे बॉल बेअरिंग सहसा लावत नाहीत. तो धातूच्या पोकळ नळीत, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. धातू धातूला टेकतच नाही. हा पापुद्रा केसाच्या जाडीपेक्षा कमी असतो आणि तेलाचा पुरवठा क्षणभर खंडला तरी दांडा खराब होऊ लागतो. एंजिनातले तेल गळून पातळी उतरली की पहिला बळी टर्बोचा जातो, तो यामुळे.

उलट गळतीने दुसराही धोका असतो. टर्बोच्या आतून तेल जर हवेच्या बाजूला झिरपू लागले तर ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाते. डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या गरम हवेत जे जळू शकते ते जळते. तेव्हा फार तेल गेले तर एंजिन स्वतःच्याच वंगणावर पळत सुटते, किल्ली फिरवली तरी थांबत नाही. असा प्रसंग विरळा, पण घडतो. तुम्ही जवळ असाल तर दूर पळा. एंजिन बंद पाडण्याचे काम जाणत्या माणसाचे आहे.

गळतीला दोन गोष्टी लागतात

आता मुख्य मुद्दा. पाण्याच्या टाकीला भोक पडले की पाणी गळते हे सर्वांना ठाऊक. पण पाणी गळण्यासाठी भोकाच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त दाब हवा. बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा, धार थांबते. भोक तेच, पाणी तेच, दाबातला फरक मात्र गेला. एंजिनाची गळती शोधताना आपण सगळे भोकाच्या मागे लागतो. सील बदला, पॅकिंग बदला, बोल्ट आवळा. तेलाला बाहेर ढकलतो कोण, हे सहसा कुणी विचारत नाही.

नारायणगावजवळ मीना नदीकाठच्या एका वस्तीवरील टर्बो डिझेल गाडीचे उदाहरण सांगतो. एंजिनच्या मागच्या टोकाला, जिथे भुजादंड म्हणजे क्रँकशाफ्ट बाहेर येतो, तिथून तेल टपकत होते. तिथले सील एका वर्षात दोनदा बदलून झाले होते. त्यासाठी प्रत्येक वेळी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दोन्ही वेळा महिनाभर बरे, मग पुन्हा डाग. त्यात आता जागेवर एंजिन चालू ठेवले की सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला. टर्बोच्या हवेच्या नळीत बोट फिरवले तर ते तेलाने माखत होते. सल्ला मिळाला तो असा, टर्बो बदला आणि एंजिनही उघडा. त्या घराला हा खर्च म्हणजे एका हंगामाच्या टोमॅटोचे पैसे. गाडी विकावी की काय, असे बोलणे सुरू झाले होते. त्या घरातला मुलगा अकरावीला आमच्या महाविद्यालयात होता. त्याने वर्गात विचारले, "सर, सील नवे आहे, तरी तेल येते. मग सील खोटे की दुसरे काही?"

प्रश्न उत्तम होता. एंजिन चालताना सिलिंडरमध्ये प्रचंड दाब होतो आणि दट्ट्याच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली भुजादंडाच्या पेटीत येतो. नव्या एंजिनातही येतो, जुन्यात जास्त. चढावर, भार असताना, मिनिटाला बादलीभर-दोन बादल्या वायू सहज होतो. त्याला बाहेर जायला वाट ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात, एंजिनाचे नाकच ते. ब्रीदरचा होज बहुतेक टर्बो गाड्यांत टॅपेट कव्हरपासून निघून टर्बोच्या आधीच्या हवेच्या नळीला मिळतो. ही वाट तुंबली तर पेटीतला दाब वाढतो, आणि मग प्रत्येक सील, प्रत्येक पॅकिंग आतून ढकलले जाऊ लागते.

तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांच्या विहिरीवर एके काळी लिस्टर जातीचे संथ, ठक-ठक करणारे डिझेल एंजिन असेल तर त्यांना विचारा. त्याच्या पेटीला एक छोटी चकतीची झडप असे. दट्ट्या खाली आला की हवा झडपेतून बाहेर पडे; दट्ट्या वर गेला की झडप मिटे. परिणामी पेटीत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राही आणि झिजल्या बेअरिंगमधूनसुद्धा तेल बाहेर न येता हवाच आत ओढली जाई. ती झडप बिघडली की दांड्याकडून तेल येऊ लागायचे. त्या काळचे जाणकार आधी झडप साफ करत, मग पुढचे.

गवंड्याच्या नळीने मोजलेला दाब

दाब मोजायला आम्ही कोणतेही महाग उपकरण घेतले नाही. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दोन मीटर घेतली, तिला एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवून बांधले, मागे पट्टी चिकटवली आणि रंगीत पाणी भरले. हा झाला द्रवदाबमापी. एंजिनात तेल ओतायच्या तोंडाला प्रयोगशाळेतले भोकाचे रबरी बूच घट्ट बसवले आणि त्यातून नळीचे एक टोक आत जोडले. दुसरे टोक हवेला उघडे. पाणी फार थरथरते म्हणून जोडणीत कापसाचा सैल बोळा घातला. एंजिन सुरू करण्यापूर्वी दोन्ही पातळ्या सारख्या आहेत याची खात्री करून घेतली.

एंजिन संथ चालत असताना दोन बाजूंच्या पातळ्यांत १७ सेंटिमीटरचा फरक पडला.

आकडा लहान वाटतो. हवेचा दाब आपल्याकडे सुमारे साडेनऊ मीटर पाण्याइतका. त्याच्या तुलनेत हे दोन टक्केही नाहीत. पण हिशेब करा. १७ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १,६७० पास्कल. टॅपेट कव्हर ५० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद धरले तर त्याचे क्षेत्रफळ ०.०७५ चौरस मीटर. गुणाकार केला की १२५ न्यूटन येतात. म्हणजे बारा-तेरा किलो वजनाइतक्या जोराने ते झाकण आतून वर उचलले जात होते, रात्रंदिवस नव्हे, पण एंजिन चालू असेल तोवर सारखे.

याहून महत्त्वाचा हिशेब टर्बोचा आहे. टर्बोत तेल पंपाच्या जोराने येते, पण परत जाते ते केवळ गुरुत्वाकर्षणाने, एका जाड नळीतून खालच्या चेंबरमध्ये. पंप नाही, काही नाही. टर्बोपासून चेंबरमधल्या तेलाच्या पातळीपर्यंतची उंची त्या गाडीत सुमारे ३० सेंटिमीटर होती. तेलाची सापेक्ष घनता ०.८७, तेव्हा हा उतार २६ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका झाला. त्यात टर्बोतून परतणारे तेल फेसाळलेले असते. निम्मी हवा धरली तर उरले १३ सेंटिमीटर. खालून वर ढकलणारा दाब १७. तेलाने जायचे कुठे? ते टर्बोतच साचते. टर्बोच्या दांड्याला रबरी सील नसतात, तिथल्या उष्णतेत ते टिकणारही नाहीत. दट्ट्याच्या रिंगेसारख्या धातूच्या बारीक कड्या असतात आणि बाहेरचा वायू तेलाला आत ढकलत राहील या भरवशावर त्या काम करतात. एंजिन संथ असताना तो बाहेरचा दाब नसल्यासारखाच असतो. म्हणून धूर नेमका जागेवर उभे असतानाच येत होता. मागचे सील आणि टर्बो असे दोन वेगळे रोग दिसत होते; प्रत्यक्षात दोन्हींना ढकलणारा हात एकच होता.

ब्रीदरचा होज काढून पाहिला. बाहेरून ठीक, काळा, गुळगुळीत. आतून मात्र तो फुगून मऊ पडला होता आणि हवेच्या नळीच्या ओढीने त्याचा आतला थर चपटा होऊन मिटला होता. पेन्सिल जाईना. पूर्वी कधीतरी तिथे पाण्यासाठीचा साधा रबरी होज लावला गेला असावा. पाण्याचे रबर आणि तेलाचे रबर सारखे नसते, त्याविषयी शेवटी सांगतो. टॅपेट कव्हरमधली तेल अडवणारी जाळीही चिखलासारख्या काळ्या गाळाने भरली होती. जाळी रॉकेलने धुतली, तेलाला टिकणारा योग्य होज आणून लावला, टर्बोच्या हवेच्या नळीतले साचलेले तेल पुसून काढले. पुन्हा नळी जोडली. फरक दोन सेंटिमीटर! एंजिनागणिक हा आकडा वेगळा असतो, पण १७ वरून २ हे उत्तर कोणत्याही एंजिनाला बोलके आहे.

निळा धूर दोन-तीन दिवसांत गेला. सायलेन्सरमध्ये आधीच साचलेले तेल जळून जायला तेवढा वेळ लागला. डाग मात्र पूर्ण थांबला नाही. तळहाताएवढा होता, तो रुपयाएवढा झाला. मग पावडरीची परीक्षा पुन्हा केली तेव्हा टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून बारीक रेघ निघालेली सापडली. तिथे खरोखरच भोक होते.

पॅकिंग, पाना आणि तांब्याची वायसर

रबरी पॅकिंग काम करते ते त्याच्या लवचिकपणामुळे. दाबले की ते परत उसळू पाहते आणि धातूच्या दोन्ही पृष्ठभागांतल्या बारीक खळग्यांत घुसून राहते. उष्णतेने वर्षानुवर्षे शेकले की ते कडक होते, उसळी संपते. उसळी गेली की सील गेले. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर हे अवकाशयान कोसळले त्यामागेही रबरी कड्याच होत्या. तिथे उष्णतेने नव्हे तर थंडीने त्यांची उसळी मंदावली होती. पुढच्याच महिन्यात रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने चौकशीच्या बैठकीत त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमोर ते दाखवले. आमच्या गाडीचे जुने पॅकिंग नखाने दाबले तर खूण तशीच राहत होती, आणि वाकवताच ते मोडले.

नवे पॅकिंग बसवणे घरी जमण्यासारखे आहे, पण एक मोह टाळावा लागतो. गळती थांबावी म्हणून माणूस बोल्ट जिवाच्या आकांताने आवळतो. पत्र्याचे झाकण बोल्टांपाशी दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलले जाते, गळती वाढते. अशा लहान बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर परिबल पुरते. पान्याची लांबी १२ सेंटिमीटर असेल तर हाताने लावायचे बल सुमारे ८३ न्यूटन, म्हणजे साडेआठ किलो वजनाइतके. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आवळायचे ते एका टोकाकडून दुसऱ्याकडे नव्हे, तर मधल्या बोल्टापासून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. पृष्ठभाग आधी अगदी स्वच्छ आणि कोरडा हवा.

टर्बोला तेल आणणाऱ्या बारीक नळीच्या सांध्यावर तांब्याच्या वायसर असतात. नळी सोडवली तर त्या नव्या घालणे चांगले. मिळाल्या नाहीत तर जुने मिस्त्री एक युक्ती करतात. वायसर गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाण्यात टाकतात. तांबे एकदा दाबले गेले की कठीण होते. तापवल्यावर त्यातल्या स्फटिकांची पुन्हा जुळणी होऊन ते मऊ पडते आणि सांध्यात नीट बसते. यात गंमत आहे. गावचा लोहार नांगराचा फाळ लाल करून पाण्यात बुडवतो तो कठीण व्हावा म्हणून. पोलाद कठीण होते, तांबे मऊ! तांब्याच्या बाबतीत काम ज्योतीने केलेले असते. पाण्याचा उपयोग फक्त लवकर थंड होण्यापुरता.

हे सगळे झाल्यावर तेलाची पातळी पट्टीने मोजून भर घातली. खुणेच्या वर मात्र कधीही भरू नये. गळते म्हणून थोडे जास्तच ओतू, असे लोक करतात. त्याने टर्बोची परतीची नळी खालून बुडते आणि आपणच तुंबारा निर्माण करतो. काढलेले काळे तेल डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याकडे द्यावे, बांधावर ओतू नये. थेंबाचा हिशेब सुरुवातीला केलाच आहे.

घाट चढून आल्यावर

परतीची नळी तुंबण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते पूर्ण चालकाच्या हातात आहे. मुरबाड-टोकावड्याकडून माळशेज चढून आलेली गाडी, किंवा घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरचा चढ संपवलेली गाडी. टर्बोचे जळक्या वायूच्या बाजूचे घर कित्येक शे अंश तापलेले असते. धबधबा दिसतो, गाडी बाजूला घेतात, किल्ली काढतात, सगळे उतरतात. एंजिन थांबले की तेलाचा पंपही थांबला. टर्बोत उरलेले थोडे तेल जागच्या जागी त्या उष्णतेने भाजून निघते, कढईच्या काठावर जळलेल्या तेलासारखे. दर वेळी एक पातळ थर. वर्षांनी तोच कोळसा नळीचे तोंड बारीक करतो. एक-दोन मिनिटे एंजिन संथ चालू ठेवून मग बंद केले तर वाहते तेल ती उष्णता घेऊन जाते. सहलीला जाल तेव्हा चालककाकांना हे सांगून पाहा. कारणही सांगा, म्हणजे ते ऐकतील.

रबर फुगते ते कसे, पाहा

आता राहिलेला होज. प्रयोगाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, तीन झाकणाच्या बाटल्या आणि पट्टी एवढेच लागते. ट्यूबच्या बरोबर ५० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद अशा तीन पट्ट्या कापा. एक पाण्यात, दुसरी एंजिनच्या तेलात आणि तिसरी एरंडेलात बुडवून आठवडाभर ठेवा. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला विसरू नका. रोज ठरावीक वेळी पट्टी काढून, पुसून, लांबी मोजा आणि आलेख काढा.

सायकलच्या ट्यूबचे रबर आणि खनिज तेल, दोघेही कर्ब-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचे. जातभाईच. तेलाचे रेणू रबराच्या साखळ्यांमध्ये शिरून बसतात आणि त्यांना दूर सारतात. नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराच्या साखळीत नायट्रोजनचे गट घातलेले असतात. तेलाला ती पाहुणचार करत नाही, म्हणून तेलाचे होज व सील त्याचे बनवतात. एरंडेल मात्र झाडाचे तेल असून वेगळ्या स्वभावाचे आहे. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे जास्तीचे गट असतात. मोटारींच्या पहिल्या जमान्यात ब्रेकसाठी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत, कारण त्या वेळची सिले नैसर्गिक रबराची होती. तिसऱ्या बाटलीतली पट्टी किती वाढली ते मोजून पाहा, आणि दुसऱ्या बाटलीतली पट्टी बाहेर काढल्यावर तिला नुसते चिमटीत धरून थोडे ओढाही.